बसण्याचा मान

आमच्या गावात शिमग्याला प्रत्येक घराला काही ना काही मान आहे. कोणाकडे निशाण, कोणाकडे अब्दागिरी, कोणाकडे होळीच्या झाडावर पहिला घाव घालायचा मान. एका घराकडे तर पालखीच्या पुढे चालत नुसतं ‘बाजू व्हा’ म्हणायचा मान आहे, आणि ते घर तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या छाती काढून चालतं. आमच्या घराकडे बसण्याचा मान आहे.

बसण्याचा म्हणजे देवळात बसण्याचा. शिमग्यात देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत लागतात आणि देवी, गावाची आई, घरोघर भेटीला निघते. आमची वाडी लहान, त्यामुळे दुपारची जेवणं आटोपून पालखी निघते ती दिवेलागणीला परत येते. तेवढ्या वेळात देऊळ रिकामं ठेवायचं नाही असा रिवाज. आमच्या घरातल्या एकाने आत बसायचं, दाराला आतून अडसर घालायचा, समई विझू द्यायची नाही, डोळा लागू द्यायचा नाही, आणि काही झालं तरी उठून बाहेर जायचं नाही. संध्याकाळी पालखी दारात आली की गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, बाहेरून हाक देतात, “घरात कोण हाय?” आतल्याने म्हणायचं, “मी हाय.” नाव सांगायचं नसतं. मग अडसर काढायचा. देवी दमून आली की तिचं घर रिकामं नसावं, दार उघडायला माणूस असावं, एवढाच त्याचा अर्थ.

त्याचा दुसरा अर्थ असा की आमच्या घरातल्या एका माणसाने आपल्याच गावचा शिमगा कधी बघायचा नाही.

बाबांनी तो बघितला नाही. तरुणपणी आजोबांच्या जागी बसले ते शेवटपर्यंत बसले. घरी आई आणि आम्ही दोघं भावंडं पालखीची वाट बघायचो, आई ओटी भरायची, पालखी अंगणात नाचायची. संध्याकाळी बाबा आले की पायावर पाणी घ्यायच्या आधी विचारायचे, “आपल्याकडे कशी नाचली?” भाऊ वाढवून सांगायचा: पालखीचा दांडा पागोळीला लागला, कौलं फुटली, ढोलवाला विहिरीत पडता पडता वाचला. बाबांना खरं-खोटं कळत होतं, पण ते सगळं ऐकून घ्यायचे. मी बघितलं तेवढंच सांगायची, म्हणून मला पुन्हा विचारायचे नाहीत. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे.

हे बसणं कधीपासूनचं, असं विचारलं तर गावात एकच उत्तर मिळतं: पूर्वापार. जरा खोदून विचारलं की दोन उत्तरं मिळतात आणि ती एकमेकांशी भांडतात.

दोन्हींची सुरुवात सारखी आहे. फार पूर्वी, मराठ्यांचं राज्य यायच्याही आधी, दाभोळच्या बंदरात परदेशी गलबतं लागायची त्या काळात, शिमग्याच्या दिवशी खाडीतून लुटारू आले. कोणते लुटारू, याबद्दल गावात चार मतं आहेत आणि चौघांनाही खात्री आहे. पालखी मळ्यात होती, सगळा गाव पालखीच्या मागे, आणि देवळात आमचा एक पूर्वज दिवा राखत बसला होता. इथून पुढे वाट फुटते.

बाबांची गोष्ट अशी की लुटारू देवळात शिरायला लागले तेव्हा आमच्या माणसाने दार अडवलं आणि तो उंबऱ्यावर पडला. म्हणून गावाने त्याच्या घराला तिथे बसायचा मान दिला. गावाची गोष्ट वेगळी आहे. ती आमच्यासमोर कोणी सांगत नाही, पण विहिरीवरच्या भांडणात मी लहानपणीच ती पूर्ण ऐकली. त्या माणसाला म्हणे देवळाच्या पायरीवरून आपल्या घराच्या दिशेला धूर दिसला. तो दिवा टाकून घराकडे धावला. लुटारू आले, घंटा, समया, देवीचे दागिने सगळं घेऊन गेले. पालखी परतली तेव्हा देऊळ उघडं आणि आत काळोख. देवीने उंबरा ओलांडायला नकार दिला. पालखी इतकी जड झाली की खांदेकरी गुडघ्यावर आले. तेव्हा गावाने आमच्या घराला सांगितलं, यापुढे तुम्ही बसायचं. कायमचं.

म्हणजे आमचा मान हा मान आहे की शिक्षा, हे गावाने अजून ठरवलेलं नाही. पंगतीला बसवताना मान म्हणतात आणि भांडताना शिक्षा.

देवळाच्या आवारात एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढणारा माणूस, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या बाया, आणि टोकाला चंद्र-सूर्य. तेल पिऊन आणि हात लागून त्या माणसाचं तोंड पार गुळगुळीत झालं आहे. बाबा त्याला आपला माणूस म्हणायचे आणि शिमग्याच्या आदल्या दिवशी त्याच्यापुढे नारळ ठेवायचे. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी कॉलेजातले एक प्राध्यापक आमच्याकडचा शिमगा बघायला आले होते. त्यांनी दगड निरखला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाले, दगड मध्ययुगातला आहे यात शंका नाही, पण तो मुळात इथला नसावा. आमचा सगळा मुलूख जांभ्याचा आणि हा दगड काळा, दुसरीकडून आणून बसवलेला. दगड वेगळा, बसायची प्रथा वेगळी, दोघांची गाठ पुढे कोणीतरी मारली असेल. “सणांचं असंच असतं,” ते म्हणाले, “रिवाज आधी असतो, गोष्ट मागाहून येते.” चांगल्या मनाने सांगितलं त्यांनी. बाबांना हे ऐकावं लागलं नाही ते बरंच झालं. नारळ मी अजून ठेवते.

मी रत्नागिरीला सरकारी कचेरीत नोकरी केली. लग्न केलं नाही. का, हा इथला विषय नाही, आणि विचारणारेही आता फारसे उरलेले नाहीत. बाबांचं दुखणं वाढलं तेव्हा शहरातली खोली सोडली, रोज एसटीने जाऊन-येऊन करायला लागले, आणि ते गेल्यावरही गावातच राहिले. आई त्यांच्या आधीच गेली होती. भाऊ मुंबईला असतो. बाबांनंतर पहिल्या शिमग्याला तो बसायला आला. संध्याकाळी म्हणाला, “पाठ गेली गो माझी,” आणि पुढच्या वर्षापासून त्याला शिमग्यात रजा मिळेना.

मग प्रश्न आला. बाईमाणूस देवळात कसं बसेल यावर गावाची बैठक झाली, मोडली, पुन्हा झाली. शेवटी गावकारांनी तोडगा काढला. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, “बसायचाच हाय ना? नाचायचा तर नाय. आनि आता हिचा वयही झाला.” वय झालं म्हणजे काय झालं ते सगळ्यांना कळलं आणि सगळे जमिनीकडे बघायला लागले. असा तो मान माझ्याकडे आला.

खरं सांगायचं तर मला तो आवडला. देवळात त्या दुपारी जी शांतता असते ती एरवी मिळत नाही. तेलाचा वास, थंड फरशी, कुठेतरी उंच एखादी मधमाशी. आणि घराची काळजी नव्हती. शेजारच्या वहिनीकडे मी किल्ली देऊन ठेवायची. पालखी आली की ती माझं दार उघडायची, माझ्या नावाने ओटी भरायची, आणि संध्याकाळी मला सगळं सांगायची. ती भावासारखं वाढवून सांगत नसे, पण रडत सांगत असे, त्यामुळे खरं काय झालं ते कळायला तेवढाच वेळ लागायचा.

मग वहिनीच्या मुलाने गणपतीपुळ्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. शिमग्याला जोडून शनिवार-रविवार आला की तिथे पाय ठेवायला जागा नसते. वहिनी तिकडे गेली ती तिकडचीच झाली. फोन करते, शिमग्याच्या दिवशी तर हमखास करते, आणि मी देवळात असते म्हणून उचलत नाही.

ती गेल्यावर पहिल्या शिमग्याला पालखी माझ्या अंगणात आली, दाराला कुलूप बघून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. हे मला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. आमच्याकडे बंद घराकडे पालखी चढत नाही. पूर्वी बंद घर म्हणजे एखादंच असायचं आणि त्याची हळहळ वाटायची. आता वाडीत उघडी घरं बोटांवर मोजावी लागतात.

यंदा होळीच्या आधी गावच्या शिमगा मंडळाच्या ग्रुपवर पालखीचं वेळापत्रक आलं. वरची आळी त्यात नव्हतीच. शेवटी लिहिलं होतं, बंद घरे वगळण्यात आली आहेत. वरच्या आळीत आता राहतं घर माझं एकच. मी तो मेसेज चहा पीत वाचला. गॅसवर भात होता, दोरीवर कपडे होते, मांजर ओटीवर झोपलं होतं. वर्षभर ज्या घरात रोज दिवा लागतो ते घर नेमक्या त्या दिवशी बंद, आणि बंद का, तर त्याच देवीचं घर राखायला मी गेलेली असते म्हणून. मला राग आला. वाईट नंतर वाटलं. माझ्यात राग नेहमी आधी पोचतो.

दुसऱ्या दिवशी शिमग्याची बैठक होती. सभामंडपात पुरुष खांबाला टेकून बसले होते, दोन-तीन बायका दाराशी. मंडळाचा अध्यक्ष चिरेखाणीचा धंदा करतो. हुशार आहे, आणि वाईट अजिबात नाही. मला आत्या म्हणतो.

“आत्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या घरी कोणी असतं का?”

“नसतं. कारण मी इथे असते.”

“बरोबर.”

“मग?”

“मग बरोबरच आहे. पण घर बंदच ना?”

त्याचंही खोटं नव्हतं. वरच्या आळीची चढण सरळ अंगावर येते, खांदेकरी कमी, जे आहेत त्यांतले निम्मे मुंबईहून आदल्या रात्री आलेले आणि झोप न झालेले. मी म्हटलं, “मग असं करा. पालखी वर येऊन जाईल तेवढा वेळ माझ्या जागी दुसरं कोणीतरी बसा. मी घरी जाते, ओटी भरते आणि परत येते.”

 मग एकेकाला खोकला यायला लागला. एकजण म्हणाला, “तुमच्या घराचा मान हाय तो. आमी कसा घेयाचा?” मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “मान कसला, भोग बोल.” पण आमचं देऊळ असं आहे की त्यात हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

“मान असेल तर मी खुशीने देते,” मी म्हटलं. “कोणीही घ्या. आणि शिक्षा असेल तर ती कधी संपते तेवढं सांगा. खून केलेला माणूससुद्धा कधीतरी सुटतो.”

 अध्यक्षाने वातावरण सावरायला म्हटलं, “आत्या, पुढच्या वर्षी आपण इथे कॅमेरा लावू. मग कोणी बसायलाच नको.”

काका त्याच्याकडे वळले. ते म्हणाले, “संध्याकाळला मी हाक दिली तर तो कॅमेरा ‘मी हाय’ बोलंल काय रे?”

सगळे हसले आणि तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं झालं. मग कोणीतरी नेहमीचा मार्ग काढला: आईला कौल लावू. गुरवाने दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर माझ्या जागी दुसरं कोणी बसायचं, डावी पडली तर जसं आहे तसं. पंखे बंद केले. काकांनी विनवणी केली, “आई, गाव तुजा, लेकरां तुजी, काय असंल ता सांग.” आम्ही हात जोडून बघत राहिलो. पाकळ्या पडेनात. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं, काकांनी पुन्हा विनवलं. कोणाचा तरी मोबाइल वाजला, कोणाची तरी जेवणाची वेळ झाली. शेवटी काका म्हणाले, “आई आज बोलत नाय,” आणि लोक मोकळे होऊन उठले. मी थोडा वेळ थांबले. निघाले तेव्हाही दोन्ही पाकळ्या तशाच चिकटलेल्या होत्या.

त्या संध्याकाळी भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सोडून दे ना. कोणासाठी करतेस हे सगळं?” प्रश्न वाईट नव्हता. मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय.

पालखीच्या दिवशी सकाळी मी अंगण सारवलं. ज्या अंगणात पालखी येणार नाही ते कोण सारवतं? पण शेण आणून ठेवलेलं होतं, आणि हाताला सवय आहे. जरा जास्तच जाड झालं, फणसाच्या सावलीत ते लवकर वाळतही नाही. मग आंघोळ करून, दाराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून मी देवळात गेले.

पालखी निघाली. मी अडसर घातला, समईत तेल घातलं आणि खांबाशी बसले.

इतक्या वर्षांत मी शिमगा कानाने बघायला शिकले आहे. ढोल कुठे वाजतोय त्यावरून पालखी कोणाकडे आहे ते मला बसल्या जागी सांगता येतं. पत्र्याची पडवी असलेल्या घरी आवाज तडतडतो, कलमांच्या बागेतल्या घरी दबतो, खाडीकडच्या घरी तो पाण्यावरून उशिरा येतो. मळा ओलांडताना नुसती सनई ऐकू येते. मधे मधे ढोल थांबतो, तेव्हा काका गाऱ्हाणं घालत असतात. त्या घरासाठी ते आईकडे काही मागतात आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतो. काकांचा आवाज देवळापर्यंत पोचत नाही. गावाचा पोचतो. त्यामुळे कोणासाठी काय मागितलं ते मला कधी कळत नाही, सगळ्यांनी हो म्हटलं तेवढं कळतं.

त्या दिवशी खालची आळी झाली, खाडीकडची घरं झाली. आता ढोल दुकानांकडे वळायला हवा होता. तो वळला नाही. थोडा वेळ एका जागी घुमत राहिला, मग त्याचा ठेका बदलला. चढणीला ढोल वाजवणाऱ्याचा हात जड पडतो. मी ताठ बसले. दोन्हीकडे चिऱ्याच्या भिंतींचे गडगे असलेली चढण गावात एकच आहे, तिथे आवाज नळीतून यावा तसा येतो. ढोल माझ्या घराकडे चढत होता.

मी उठले. उठायचं असं ठरवलं नाही, उठलेलीच होते. किल्ली हातात आली होती. घरी कुलूप होतं. तबकात तांदूळ नव्हते, खण नव्हता, नारळ नव्हता, दारात कोणी उभं नव्हतं. आणि आई वर येत होती. मी दाराशी गेले आणि अडसर दोन्ही हातांनी वर उचलला.

तिथे मला तो माणूस आठवला. वीरगळीतला नव्हे, दुसरा, धावलेला. मला आयुष्यभर त्याची लाज वाटत आली होती. बाबांची गोष्ट मी दुसऱ्यांना सांगायची, पण मनातून गावाचीच खरी मानायची. त्याने आपल्या घराच्या दिशेला धूर बघितला होता, त्या घरात त्याची बायको-पोरं होती. माझ्या घराच्या दिशेला नुसता ढोल होता आणि आत मांजरसुद्धा नव्हतं, तरी मी अडसर उचलून उभी होते. मग त्याला कशाला बोल लावायचा? ती गोष्ट खोटी असेल, मागाहून जोडलेली असेल. पण ज्या कोणी ती जोडली तो कधी ना कधी इथे आत बसलेला असणार. बाहेरच्या माणसाला हे सुचणार नाही.

मी गेले नाही. भक्तीने थांबले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला भीती वाटली. मी धावत वर पोचेपर्यंत ढोल पुढे गेलेला असेल, आणि इकडे देऊळ उघडं पडलेलं असेल, म्हणजे मी धड तिथे नाही आणि धड इथेही नाही. त्याला निदान धावत जायला माणसं होती. मी अडसर पुन्हा जागेवर घातला.

ढोल माझ्या अंगणात खूप वेळ वाजला. दुसरीकडे कुठे इतका वाजला नव्हता. फणसाच्या झाडाखाली तो कसा वाजतो ते मला माहीत नव्हतं, कारण लहानपणी ऐकला तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभी असायची. मग थांबला. काका माझ्या बंद दारासमोर गाऱ्हाणं घालत होते. आणि त्या शांततेतून, वरच्या आळीकडून, सगळ्या गावाचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” काहीतरी मागितलं गेलं होतं आणि सगळ्यांनी हो म्हटलं होतं. मी समईजवळ बसून रडले. ज्याच्यासाठी रडत होते ते दुःख होतं की आनंद, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला पालखी परत आली. काकांनी हाक दिली, मी उत्तर दिलं, अडसर काढला. गुलालाने माखलेले लोक आत आले, देऊळ घामाच्या आणि फुलांच्या वासाने भरून गेलं. पालखी वर कशी गेली, मी एकेकाला विचारलं. एक खांदेकरी म्हणाला, फाट्यावर पालखी एकदम जड झाली, पाऊल पुढे पडेना, वरच्या वाटेला वळल्यावर हलकी झाली. आईनेच नेलं. अध्यक्ष म्हणाला, “कसली जड! मीच म्हटलं, चला, आत्या उगाच नाराज नको.” तिसरा म्हणाला, ढोलवाला मुंबईचा, त्याला वाट माहीत नव्हती, तो चुकला आणि सगळे त्याच्या मागे गेले. हे सगळे त्याच पालखीबरोबर होते आणि अजून त्यांचा घाम वाळला नव्हता. मध्ययुगात काय झालं ते मी आता कोणाला विचारणार नाही.

गर्दी पांगल्यावर काका पायरीवर बसले होते. मी त्यांना पाणी दिलं.

“काका, माझ्याकडे गाऱ्हाणं घातलंत.”

“घातला तर.”

“काय मागितलंत?”

त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. “खरा सांगू? काय मागू ताच सुचेना. दुसऱ्या घरी पोराला नोकरी, पोरीला स्थळ, काय ना काय असता. तुजा भाऊस तिकडं सुखी हाय. तुला पेन्शन हाय. दारात उभा ऱ्हायलो नि आतून कोनी ओ देयना. मग बोललो, आई, पुढल्या टायमाला या घरात ओ देनारा मानूस असू दे.”

“आणि गाव?”

“गाव काय बोलनार? व्हय म्हाराजा.”

त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ते काठी टेकत उठले आणि घराकडे गेले.

मी वर चढून आले तेव्हा वाटेवरच्या खांबाचा दिवा लागला होता. अंगणाच्या तोंडाशी थांबले. सारवण ओलसर होतं तेव्हाच पालखी आली असणार. सगळीभर पावलं उमटली होती, मोठी, लहान, टाचा रुतलेली, नाचताना घसरलेली, बोटं फाकलेली, एकावर एक पडलेली. मधोमध जिथे पालखी नाचली तिथली माती उचकटून वर आली होती आणि तिच्यात गुलाल मिसळला होता. दारासमोर, कुलपाच्या अगदी पुढ्यात, दोन पावलं शेजारी शेजारी स्वच्छ होती. तिथे काका उभे राहिले असतील. माझ्या अंगणात एवढी माणसं एका वेळी कधी आली होती ते मला आठवेना. ती पावलं मोडू नयेत म्हणून मी कडेकडेने, भिंतीला हात लावत ओटीपर्यंत गेले.